शेवटचा हात कोनाचा?

आमचा घरमालक तऱ्हेवाईक माणूस होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, पण हा गेलेला नाही. अकोल्याला मुलाकडे राहायला गेला आहे आणि दोन्ही वेळा दाबून जेवतो असं कळतं. त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

अमरावतीत वलगावच्या रस्त्याला त्याचं घर. पुढे तो आणि त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, मागच्या दोन खोल्यांत मी, आणि मधे पत्र्याच्या शेडमध्ये त्याची गाडी. शेडच्या पत्र्याला त्यानं आतून थर्माकोल लावून घेतलं होतं. माझ्या खोलीवर मात्र नुसता पत्रा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, गाडीले थर्माकोल अन् मले काहून नाई?"

तो म्हणाला, "बाई, तुमाले त्रास झाला तर तुमी बोलता. ते बोलू शकत नाई."

मी पुष्कळ बोलले. थर्माकोल काही लागलं नाही.

हा माणूस सरकारी खात्यात ड्रायव्हर होता. साहेब येत गेले आणि बदलून जात गेले, गाडी तीच राहिली. त्याच्या रिटायरमेंटच्या सुमारास खात्यानं गाडी लिलावात काढली आणि यानं ती घेतली. पांढरी, जुनी, डिझेलची. मागच्या सीटवर तो कधी बसला नाही. गाडी शेडमध्ये उभी असली आणि कोणी मागे बसून पेपर वाचायला लागलं, तरी हा सवयीनं सरळ उभा राहायचा. एकदा मी मुद्दाम बसून पाहिलं. खरंच उभा राहिला, आणि मग माझ्यावर चिडला.

होळी झाली की आमच्या दारात गाड्यांची रांग लागायची. वऱ्हाडातलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. माणसं दुपारी घरात बसू शकतात, गाड्यांना जावं लागतं. कोणाचं पाणी उकळायचं, कोणाच्या बोनेटमधून वाफ निघायची. गॅरेजवाले गाडी पाहिली की लगेच पाना घेतात. हा पाना घेत नसे. बनियनवर बाहेर यायचा, खुर्ची ओढायचा, गाडीकडे पाठ करून बसायचा आणि गाडीवाल्याला विचारायला लागायचा.

पहिला प्रश्न ठरलेला. "शेवटचा हात कोनाचा लागला?"

म्हणजे गाडीला शेवटी कोणी काय केलं. "गाडी आपल्या मनानं बिघडत नाई," तो म्हणायचा. "कोनीतरी शहाना हात लावते, मंग बिघडते. तो हात पकडा. बिमारी तिथंच सापडते."

मग पुढचे प्रश्न. उभ्यावर तापते का पळताना? उभ्यावर तापत असेल तर पंखा पाहा, कारण उभ्या गाडीला वारा पंखाच देतो. पळताना तापत असेल तर पंख्याला दोष नाही, समोरून वारा येतोच आहे. मग रेडिएटर पाहा. पाणी कमी होतं का? होतं तर खाली सांडतं का? सांडत नसेल आणि तरी कमी होत असेल तर इंजिन आतल्या आत पितं आहे, आणि ते वाईट. ऑईलची पट्टी ओढून पाहा, ऑईलचं ताक झालं असेल तर घरी जा आणि बायकोला सांगा की खर्च आला. मी मागच्या ओट्यावर हार ओवता ओवता हे इतकं ऐकलं आहे की मला झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन. मी शिकले चौथीपर्यंत. कोणतीच कविता मला इतकी तोंडपाठ नाही.

सगळ्यात घाणेरडी सवय म्हणजे तो रेडिएटरचं पाणी चाखायचा. गाडी थंड झाली की झाकण उघडून बोट बुडवायचा आणि जिभेला लावायचा. एकदा एक साडीदुकानवाला आला. यानं चाखलं, थुंकलं आणि म्हणाला, "दर्यापूरकडे कोन आहे तुमचं?"

"सासरे. काहून?"

"तिकडच्या बोअरचं पानी टाकलं तुमी याच्यात. खारपानपट्ट्याचं पानी माणसाले पचत नाई, इंजिनले कसं पचन? आतल्या नळ्या खारानं बुजल्या."

साडीवाल्यानं ते सासऱ्यावर ढकललं. पुढे ते हिरवं कूलंट सगळ्यांच्या गाडीत आलं. ते विष असतं, जिभेला लावायचं नसतं. यानं चाखणं बंद केलं, पण त्या हिरव्या पाण्याचा त्याला फार राग. कोणी भरल्या बाजारात आपला अपमान केल्यासारखं बोलायचा.

त्याचं दरवेळी बरोबर निघायचं असं समजू नका. एका टेम्पोवाल्याला यानं छातीठोकपणे सांगितलं की इंजिन खोलावं लागेल. तो बिचारा रडकुंडीला आला. शेवटी निघालं काय, तर तापमान दाखवणाऱ्या काट्याची वायर सैल होती. इंजिन थंडच होतं, काटा खोटं सांगत होता. त्यानंतर हा बरेच दिवस शेडमध्ये गाडी पुसत बसला आणि कोणी हाक मारली की वहिनी सांगायची, "घरी नाई ते." शेडमधून त्याचे पाय दिसत असायचे.

गाडीची रीत तो माणसांनाही लावायचा. मला ताप आला तर दारात उभं राहून विचारलं, "बसल्यावर येते का चालताना?" मी सांगितलं, "तुमचा आवाज आयकला का येते." तो वहिनीला जाऊन म्हणाला, बाईचा पंखा चालू आहे, काळजी नाही.

त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. तरुणपणी एका साहेबाला घाई होती म्हणून तापल्या गाडीचं झाकण उघडलं होतं. तेव्हापासून एक नियम: तापलेलं झाकण उघडायचं नाही. थांबायचं. वहिनी चिडली की तो हाच नियम पाळायचा. ती आतून भांडी आपटत असायची आणि हा अंगणात माझ्यापाशी येऊन हळूच म्हणायचा, "बसू द्या. झाकन उघडू नका." मग संध्याकाळी चहा मागायचा. माझ्या नवऱ्याला हे कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

अजून एक सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. ज्याला रेडिएटर कळत नसे त्याला तो पुढच्या खोलीच्या खिडकीतला कूलर दाखवायचा. "हा पाहा. पंखा आहे, पानी आहे, जाळी आहे. गाडीत बी तेच. पंखा, पानी, जाळी. रेडिएटर म्हंजे कूलरच समजा." उन्हाळाभर रोज कोणी ना कोणी हे ऐकून जायचं. वहिनी आत भाजी निवडत असायची. ती ऐकत नाही असं आम्हाला वाटायचं.

गाडीत पूर्वी एसी होता. यानं काढून टाकला. इंजिनावर भार पडतो म्हणे. त्यामुळे गाडीतली माणसं भाजून निघायची आणि इंजिन सुखात असायचं. हीटर मात्र राहू दिला. अकोला-अमरावतीच्या माणसाला हीटर कशाला लागतो, हे मी त्याला विचारलं होतं. "असू द्या," एवढंच म्हणाला.

आता मुलाचं. मुलगा अकोल्याला नोकरीला, स्वभावानं बरा, पण बापासारखाच हेकट. एका उन्हाळ्यात हे दोघं नवराबायको अकोल्याहून परत येत होते. निघताना मुलानंच माया दाखवून घरच्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये भरून दिलं होतं. गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे उकळली. भर उन्हात, सावलीला काही नाही. वहिनीला भोवळ आली. मुलगा दुसरी गाडी घेऊन धावत आला, आईला पाणी पाजलं आणि बापाला रस्त्यावरच ऐकवलं, "बाबा, आता पुरे. यापुढे एकदा जरी गाडी तापली तर चावी माह्या हातात द्यायची. गिऱ्हाईक मी पाहून ठेवलं आहे."

याला वाईट वाटलं असेल, पण तो गुर्मीत म्हणाला, "देईन. तापली तर देईन." आणि हे चार लोकांत म्हणाला, म्हणजे आता मागे घेता येत नव्हतं.

घरी आल्यावर तो शेडमधून हलेना. जेवण तिथं, चहा तिथं. गाडी गेली की आपण घरात बसून टीव्ही पाहणारा म्हातारा होऊ, असं मला एकदा म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही म्हातारेच आहात. तर म्हणाला, "म्हातारा आहो. पन ड्रायव्हर आहो."

त्यानं सगळं केलं. रेडिएटर काढून साफ करून आणला. नवं झाकण, नवे पाइप, नवं कूलंट. रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक वॉल्व्ह असतो, पाणी तापलं की तो उघडतो. आमच्याकडचे मिस्त्री तो काढून फेकतात, म्हणतात आपल्या उन्हात त्याचं काम नाही. याला ते पटत नसे. वॉल्व्ह नीट उघडतो का हे पाहायला त्यानं तो उकळत्या पाण्यात सोडला. पाणी उकळत होतं गॅसवर, वहिनीच्या चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात.

वहिनी चहा करायला आली आणि गंजात डोकावली. "हे काय शिजून राहिलं?"

"पाहा, पाहा, उघडला!" हा आनंदानं ओरडला.

वॉल्व्ह उघडला होता. वहिनीचं झाकणही उघडलं. तो गंज तिनं अंगणात भिरकावला, तो माझ्या शेवंतीच्या टोपलीत पडला. नंतर नवा गंज आला आणि जुना गाडीच्या डिकीत गेला.

नातीचा साखरपुडा ठरला. मे महिना, अकोला, मुलाच्या घरी. फुलं माझी. मला तो मावशी म्हणतो. मुलानं फोनवर सांगितलं, "आईले न् मावशीले घेऊन बसनं या. फुलं टेम्पोत टाका." हा म्हणाला, "आमी गाडीनं येऊन राहिलो. तू दारात उभा राह्य अन् बोनेटवर हात लावून पाह्य." म्हणजे परीक्षा त्यानं स्वतःच मागून घेतली.

सकाळी निघालो. पुढे तो आणि मी, मागे वहिनी, तिच्या दोन्ही बाजूंना झेंडूची पोती आणि मांडीवर मोगऱ्याच्या गजऱ्यांची टोपली. याचा चेहरा नवरदेवासारखा. बडनेऱ्यापर्यंत काटा मधोमध. "पाहा बाई," मला म्हणाला, "बर्फावानी."

बडनेऱ्याच्या पुढे मला ओल्या खसचा वास आला. वाटलं, बाजूच्या कोण्या घरचा कूलर असेल. मग शेतं लागली तरी वास येतच होता. शेतात कूलर नसतो. पण मी फुलांच्या गाडीत बसले होते, म्हटलं कशाचा तरी असेल.

मूर्तिजापूर जवळ यायला लागलं तसा काटा वर सरकला. यानं पाहिलं. थोड्या वेळानं अजून सरकला. यानं गाडी हळू केली, काटा तिथंच. ऊन असं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता.

"थांबवा," मागून वहिनी.

"नाई."

"काटा लाल रेघेले चालला. मले दिसून राहिला."

"थांबलो म्हंजे तापली. तापली म्हंजे चावी गेली." आणि त्यानं दांडी सरकवून हीटर सुरू केला.

मे महिन्यात, वऱ्हाडात, हीटर. माझ्या पायांवर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालं. "अय बाप्पा! वेड लागलं का तुमाले?"

"इंजिनची गरमी आपन घेऊन राहिलो. तेवढंच त्याले हलकं होते. काचा खाली करा."

काचा खाली केल्या तर बाहेरून लू आत आली. खाली हीटर, बाजूला लू, मागे वहिनी. मोगरा माझ्या डोळ्यांदेखत पिवळा पडायला लागला. हा घामानं निथळत होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता. पळताना तापते, म्हणजे पंखा नाही. पाणी सांडत नाही. वॉल्व्ह पाहिला. झाकण नवं. नळ्या साफ. वारा समोरून येतोच आहे. मग काय? मग काय? इतकी वर्षं लोकांना विचारले ते सगळे प्रश्न तो स्वतःला विचारत होता आणि पहिला सोडून देत होता, कारण मागच्या उन्हाळ्यातल्या त्या प्रकारानंतर त्यानं गाडीला दुसऱ्याचा हात लागूच दिला नव्हता.

हीटरच्या हवेतून आता खसचा वास भसाभसा यायला लागला, तापलेला. मी फुलं विकून पोट भरते. नाक मला फसवत नाही. मी मागे वळले. "वहिनी, गाडीत खस कुठून आली?"

वहिनी खिडकीबाहेर पाहायला लागली.

"वहिनी."

"समोर आहे," ती म्हणाली.

"कुठं समोर?"

"गाडीच्या तोंडाले."

यानं ब्रेक दाबला. झेंडूचं एक पोतं वहिनीच्या अंगावर आलं.

बाहेर उतरून त्यानं बोनेट उघडलं. पुढची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधे खसची एक अख्खी ताटी बसवलेली, सुतळीनं चारी कोपऱ्यांना बांधलेली. निघताना ओली होती, आता वाळून, धूळ बसून भिंत झाली होती. वारा आत जायला जागाच नव्हती. काम इतकं नीट केलं होतं की गॅरेजवाल्यालाही जमलं नसतं.

त्यानं सुतळीच्या चारही गाठी चाचपून पाहिल्या. मग म्हणाला, "शेवटचा हात कोनाचा लागला?"

"माहा," वहिनी म्हणाली. "सकाळी तुमी आंघोळीले गेले तवा. मंग?"

"गाडीले खस लावते का कोनी?"

"तुमीच सांगता ना साऱ्या गावाले? पंखा आहे, पानी आहे, जाळी आहे, रेडिएटर म्हंजे कूलर. मंग त्या कूलरले खस नाई लागत? कूलरले लावली तर घर थंड होते अन् गाडीले लावली तर तापते, हे कोनतं शास्त्र? एसी तुमी काढून फेकला. मागच्या वेळी मी याच रस्त्यावर आडवी पडली होती. इंजिनची गरमी पाहाले तुमी आहा. मागच्या सीटवरच्या मानसाची कोन पाहन?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "बाई, बसा गाडीत. झाकन उघडू नका."

ताटी काढून त्यानं डिकीत ठेवली, त्या जुन्या गंजाशेजारी. गाडी सुरूच ठेवली होती. वारा मिळाला तसा काटा खाली आला, सरळ, आज्ञाधारक पोरासारखा. यानं हीटर बंद केला. मग माझ्याकडे न बघता मागे हात नेऊन पाण्याची बाटली वहिनीला दिली. एरवी ती बाटली गाडीसाठी राखलेली असायची, तिला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती.

अकोल्यात मुलगा खरंच दारात उभा होता. आम्ही उतरलो तेव्हा आमचे कपडे अंगाला चिकटलेले, मोगरा तपकिरी, वहिनीच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या. त्यानं बोनेटवर हात ठेवला. मग वाकून आतला काटा पाहिला. काटा मधोमध.

"तापली नाई?"

"गाडी नाई तापली," वहिनी म्हणाली. "मानसं तापली."

मुलगा सामान उतरवायला डिकीकडे गेला. याचा चेहरा मी पाहत होते. गाडी तापली नव्हती म्हटलं तर खरं होतं, उकळली नव्हती. पण ती ताटी पाहून मुलानं दोन प्रश्न विचारले असते तर सगळं बाहेर आलं असतं. बापाचाच मुलगा, प्रश्न विचारणं रक्तात. मग आई गाडीला कूलर समजते आणि बाप मे महिन्यात हीटर लावतो, अशा माणसांच्या हातात चावी कोण ठेवतो?

मुलानं ताटी उचलली. "हे काय?"

याला रस्त्यावर जेवढा घाम आला नव्हता तेवढा आता आला.

"खस," वहिनी पदरानं तोंड पुसत म्हणाली. "तुह्या कूलरले आनली."

"अमरावतीवरून? अकोल्यात खस भेटत नाई का?"

"तिकडची चांगली असते. घे, आत ने. पाव्हने येतीन, लाव लवकर."

मुलानं नेऊन लावली. बरोबर बसली म्हणे. बसणारच, वहिनीनं ती घरच्या कूलरच्या मापानंच आणली होती. साखरपुडा त्या कूलरसमोर झाला. मोगऱ्याच्या गजऱ्यांबद्दल मुलाच्या बायकोनं मला ऐकवलं. मी म्हटलं, उन्हाळ्यातला मोगरा असाच असतो. हा त्या दिवशी सारखा बाहेर जाऊन गाडी पाहून यायचा आणि चावी शर्टाच्या खिशात आहे का ते चाचपायचा. संध्याकाळी आम्ही त्याच गाडीनं परत आलो.

आठ-दहा दिवसांनी दुपारी त्याचा फोन वाजला. मी ओट्यावर हार ओवत होते, वहिनी शेजारी लसूण सोलत होती. त्याला ऐकू कमी येतं म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा. मुलगा बोलत होता. "बाबा, त्या खसपासून कूलरच्या हवेले डिझेलचा वास येऊन राहिला. काहून येत असन?"

वहिनीचा हात थांबला.

याचा चेहरा उजळला. त्यानं खुर्ची ओढली, भिंतीला पाठ टेकवली आणि सुरू झाला. वास सुरू केल्याबरोबर येतो का थोड्या वेळानं? पंखा हळू असताना येतो का जोरात? पाणी कोणतं टाकतोस, बोअरचं का नळाचं? कमी होतं का? खाली सांडतं का? मोटर तापते का? मुलगा एकेक उत्तर देत होता आणि हा मान हलवत होता. सगळं विचारलं. एक पहिला प्रश्न तेवढा विचारला नाही.

"खस बदल," शेवटी तो म्हणाला. "अकोल्याचीच घे. अमरावतीची काही खरी नाई."

त्यानं फोन ठेवला. वहिनी पुन्हा लसूण सोलायला लागली.